धाकूची फुंकर

७ नोव्हेंबर

आज पुन्हा देवनार. कचऱ्याच्या डोंगराला आग लागली की कार्यालयात सगळ्यांना एकदम माझी आठवण होते. करोनाने माझं नाक नेलं ते परत केलंच नाही. वास, सुवास, दुर्गंध, सगळं सारखंच शून्य. तेव्हापासून गोवंडी-देवनारच्या बातम्यांवर माझा एकाधिकार आहे. नितेश आमचा शहर-संपादक, माझ्याहून बराच लहान, म्हणून मला अदबीने 'रेवतीताई' म्हणतो आणि हवं तिथे पाठवतो. आज म्हणाला, "ताई, तुम्ही म्हणजे वरदान आहात आम्हाला." शापाला वरदान म्हणायची रीत पुराणांतही आहे. गिरणी कामगाराच्या मुलीने न्यायशास्त्रात, म्हणजे जुन्या तर्कशास्त्रात, एम.ए. केलं की तिचं पुढे काय होतं, असं कोणी विचारलं तर त्याला सरळ देवनारला घेऊन जावं.

मुलुंडला घरी पोचले तर जिन्यात अक्षता बसलेली. बॅग, वर्दीचे पांढरे शर्ट आणि कधी हातातून न सुटणारी ती स्टीलची बाटली.

"अगं, फोन करायचास!"

"केला असता तर तू भाजी करून ठेवली असतीस. म्हणून नाही केला."

ही माझ्या सुगंधाताईची मुलगी. वर्षभरापासून जुहूच्या एका छोट्या हेलिकॉप्टर कंपनीत सहवैमानिक आहे. कंपनीचं नाव 'नभोगामी'. नाव संस्कृत, कारभार प्राकृत. पुढारी सभांना नेणं, लग्नात वरून पाकळ्या टाकणं, शेठ लोकांना देवदर्शन घडवणं, हा धंदा. अक्षता अंधेरीला खोली घेऊन राहते, आई बोरिवलीला. पण सुट्टी आली की हल्ली बोरिवलीऐवजी माझ्याकडे येते. म्हणते, "आईकडे प्रश्न असतात. तुझ्याकडे झोप असते." आपण कोणाला तरी आवडतो ही जाणीव या वयातही सुखावते.

जेवताना तिने एक गंमत सांगितली. उड्डाणाआधी वैमानिकांना एका यंत्रात फुंकावं लागतं. दारूचा अंश निघाला तर त्या दिवशी उडायचं नाही. हँगरमधले लोक त्या यंत्राला फुंकणी म्हणतात.

"आणि आमच्या कॅप्टन सरंजाम्यांच्या वतीने कोण फुंकतं माहितेय? धाकूमामा! दुरुस्तीवाला. माळकरी माणूस, आयुष्यात थेंब घेतला नाही. कॅप्टन नुसते शेजारी उभे राहतात, गाल फुगवून."

"आणि कॅमेरा?"

"कॅमेरा आहे की. तो पंख्याकडे बघतो."

मी इतकी हसले की ठसका लागला. तीर्थयात्रेचं पुण्य दुसऱ्याच्या नावे करता येतं हे ऐकून होते, श्वासही करता येतो हे आजच कळलं. मग भांडी घासताना लक्षात आलं, की ते गाल ज्या हेलिकॉप्टरात बसतात त्यात शेजारच्या खुर्चीवर आमचं पोर असतं.

९ नोव्हेंबर

दिवाळीचा फराळ घेऊन जुहूला गेले. मावशी म्हणून गेले, वार्ताहर म्हणून नाही. हँगरच्या दारात धाकू मेस्त्री भेटले. साठीला आलेले, गळ्यात तुळशीची माळ, खिशात पक्कड. मी मालवणच्या बाजूची आहे हे कळताच त्यांनी मला बसायला तेलाचा डबा पुसून दिला.

"अक्षताची मावशी काय तुमी? चेडू गुणी हा हो. पण खाणां कमी हा तेचा."

मी हेलिकॉप्टर बघू म्हटलं. आत घड्याळांची रांग आणि तिच्या टोकाला एक रिकामं भोक. मी विचारलं, "हे काय?"

"थंय लाल दिवो होतो. तेलाचा दाब कमी झालो की पेटता. तो मेलो सारको पेटाक लागलो. सायबांक तरास, पाशिंजरांक भिती. म्हणान मियां काडून ठेवलंय."

"दिवा काढला?"

"मगे? दिवो काडल्यापासून एकदा पण पेटलो नाय."

शंकर-रामानुजांच्या परंपरेलाही हा पूर्वपक्ष अवघड गेला असता.

मी विचारलं, असं काही बिघडलं तर नोंद कुठे करता? धाकू म्हणाले, नोंद केली की हेलिकॉप्टर उभं राहतं, मालक ओरडतात. म्हणून वैमानिक उतरले की तोंडी सांगतात, धाकू तोंडी ऐकतात, जमेल तेव्हा करतात. परवानाधारक इंजिनिअर पुण्याहून अधूनमधून येतात आणि सगळं ठीक आहे अशी सही करून दुपारच्या गाडीने परत जातात. म्हणजे इथे दुरुस्ती ही श्रुती आहे. वेदही पाठांतरावरच टिकले, हे खरं. पण वेद काही दोन हजार फुटांवरून खाली पडत नाहीत.

तेवढ्यात कॅप्टन सरंजामे आले. उंच, केस पांढरे, आवाज रेडिओवरचा. माझ्या हातची चकली खाऊन म्हणाले, "मावशी, तुमची भाची रत्न आहे. हिचा हात बघा कसा स्थिर. माझा आता..." आणि स्वतःचा हात पुढे करून हसले. हात खरंच थरथरत होता. माणूस लाघवी आहे. रागवायचं ठरवून गेले होते, ते राहूनच गेलं.

१६ नोव्हेंबर

सांख्यशास्त्रात अंधपंगुन्याय आहे. आंधळ्याच्या खांद्यावर लंगडा बसतो, एक चालतो, दुसरा वाट दाखवतो, दोघंही मुक्कामी पोचतात. 'नभोगामी'त हाच न्याय चालतो. धाकू कॅप्टनसाठी फुंकतात, म्हणून कॅप्टन धाकूच्या दुरुस्तीबद्दल अवाक्षर काढत नाहीत. कॅप्टन अवाक्षर काढत नाहीत, म्हणून धाकू फुंकतात. फरक इतकाच की शास्त्रातल्या लंगड्याला निदान दिसत होतं.

नितेशला सांगितलं. तो खुर्चीतून उठलाच. "ताई, झकास! पहिलं पान!" मी म्हटलं, माझी भाची तिथे आहे. तो बसला. मग म्हणाला, "मग तर अजूनच लिहायला हवं ना?" पोरगा बातमीसाठी बोलला की माणुसकीने, ते कळलं नाही. त्यालाही कळलं नसावं.

२ डिसेंबर

विशेष काही नाही. अक्षता दोन दिवस इथेच. दुपारी बारापर्यंत झोपते, उठल्यावर तांब्याभर पाणी एका दमात पिते. वेलचीचं भलतंच वेड लागलंय तिला. माझी डबी रिकामी केली. सकाळी चहाचा कप हातातून निसटला. म्हटलं, वजन किती उतरलंय, कॅल्शियम घे. "घेते," म्हणाली. शहाणी आहे, ऐकते.

११ डिसेंबर

आज ती आली तेव्हा चेहरा खडूसारखा. बूटही न काढता सोफ्यावर बसली.

काल एका पुढाऱ्याला फार्महाऊसवर सोडून परत येत होते. दुपारची वेळ. यजमानांनी कॅप्टनना आग्रहाने थांबवून घेतलं होतं. असं नेहमीच होतं म्हणे, आणि नाही म्हणणं हा अपमान समजतात. परतीच्या वाटेवर कॅप्टन डोळे मिटून होते. तेलाचा दाब घसरत चालला होता. दिवा असता तर पेटला असता. हिची नजर काट्यावर सहज गेली म्हणून कळलं.

"मग?"

"मग काय, उतरवलं. एका शाळेचं मैदान दिसलं. कबड्डी चालली होती. पोरं पळाली, मी उतरवलं."

"आणि कॅप्टन?"

"जागे झाले. हेडमास्तरांनी नारळ दिला, म्हणाले, मुलांना दोन शब्द सांगा. कॅप्टननी वेळेच्या महत्त्वावर भाषण केलं." ती हसायला लागली, आणि ते हसणं थांबेना. मग एकदम म्हणाली, "मावशी, भीती वाटते तेव्हा तू काय करतेस गं?"

मी म्हटलं, "शब्द चालवते. रामः रामौ रामाः. चतुर्थीपर्यंत झोप लागते."

"मला त्याने नाही येत."

"मग?"

"मी शोधलाय माझा उपाय." आणि बाटली घेऊन आत झोपायला गेली.

योगासनं करत असेल. बोरिवलीला त्यांच्या सोसायटीत वर्ग चालतो.

१२ डिसेंबर

सकाळी तिला स्पष्ट विचारलं, लिहू का? पुष्कळ वेळ वेलची चघळत बसली. "लिही. माझं नाव नको."

दारात चप्पल घालताना म्हणाली, "मावशी, तपासायला खरंच येतील ना?"

"येतील. यावंच लागेल त्यांना."

"सगळ्यांना तपासतील?"

"सगळ्यांना."

"बरं होईल," ती म्हणाली. किती न्यायबुद्धी! एकट्या कॅप्टनलाच धरू नये, एवढंच तिला वाटत होतं.

१८ डिसेंबर

छापून आलं. पहिलं पान नाही, पाचवं. गुडघेदुखीच्या जाहिरातीखाली. नितेश म्हणाला, वरून चाळण लागली. कंपनीचं नाव गेलं, दिवा गेला, फुंकणीचा प्रकार राहिला. वाचकांचे फोन आले. एकाने विचारलं, असं दुसऱ्यासाठी फुंकायची नोकरी कुठे मिळते?

पण विमान वाहतूक खात्यातून एक अधिकारी बोलले. "बाई, आम्ही बघतो." या देशात 'बघतो' या क्रियापदाला कर्म नसतं. तरी आशा आहे.

२१ डिसेंबर

आले. सकाळीच, न सांगता. निदान आम्हाला न सांगता. कॅप्टन सरंजाम्यांना नेमका आदल्या संध्याकाळी ताप चढला होता. डॉक्टरच्या चिठ्ठीसकट. बाकीच्या दोघांना बाहेरगावची कामं निघाली. हँगरमध्ये वैमानिक एकच होता, अक्षता. तिने फुंकलं. यंत्राने दारू दाखवली. दुसऱ्यांदा फुंकलं, पुन्हा दाखवली.

परवाना तीन महिने निलंबित.

संध्याकाळी कंपनीचं निवेदन आलं. 'दोषी वैमानिकावर तात्काळ कारवाई झाली, यावरून आमची सुरक्षायंत्रणा किती काटेकोर आहे हे सिद्ध होते.' नितेशने मला ते बातमीत घ्यायला लावलं. माझ्याच बातमीचा उत्तरार्ध मीच लिहिला, भाचीचं नाव न देता.

२२ डिसेंबर

ती कालपासून भिंतीकडे तोंड करून पडून आहे.

मी विचार केला आहे. यंत्र सांगतं म्हणून ते सत्य, हा शुद्ध हेत्वाभास. तिला चार दिवसांपासून खोकला होता, सुगंधाताई तिला होमिओपॅथीचे थेंब देते, आणि ते थेंब अल्कोहोलात असतात हे जगाला ठाऊक आहे. मी खात्याला पत्र लिहायला घेतलंय. शिवाय सगळ्यात मोठं प्रमाण असं, की धाकू तिथेच उभे होते. मनात असतं तर काहीतरी करून तीही त्यांना पुढे करू शकली असती. जी प्यायली आहे ती स्वतःहून फुंकायला जाईल का?

पत्राचा मसुदा तिला वाचून दाखवला. ती कूस न बदलता म्हणाली, "छान लिहिलंयस मावशी. पाठवू नकोस."

स्वाभिमानी आहे.

१४ जानेवारी

धाकू मेस्त्री तिळगूळ घेऊन मुलुंडला आले. अक्षता आंघोळीला गेली होती. पाणी पिऊन खाली बघत बसले. मी म्हटलं, त्या दिवशी काय झालं?

"मियां सांगलंय तेका. मोठे सायब चाय पियाक गेले होते, पोरगो यंत्र धरून उभो. मी म्हटलंय, बाय, हयसर ये, मियां फुंकतंय, कोण बघता? तर माका हातान बाजूक केल्यान. म्हणाली, 'धाकूमामा, आज मीच.'"

"बघा! निर्दोष होती म्हणूनच ना?"

धाकूंनी माझ्याकडे पाहिलं. मग माळ चाचपत म्हणाले, "तुमी शिकलेली माणसां. तुमका जास्ती कळता."

जाताना उंबऱ्यात थांबले. खात्याच्या लोकांनी दिवा बसवायला लावला, तो बसवला म्हणाले. मी म्हटलं, चला, एवढं तरी झालं.

"होय. पण परत सारको पेटता. म्हणान आता तेच्यार काळी पट्टी लायलंय."

३ फेब्रुवारी

आज सुगंधाताई आली. बोरिवलीहून तीन वाहनं बदलून, न जेवता. अक्षता खाली मेडिकलच्या दुकानात गेली होती. ताईने चप्पल काढली, आतल्या खोलीत गेली, अक्षताची उशी उचलून नाकाशी धरली आणि बाहेर येऊन माझ्यासमोर उभी राहिली.

"रेवा, तुझ्या घरात गुत्त्यासारखा वास येतोय."

"मला काय..."

"तुला येत नाही. म्हणून तर ती तुझ्याकडे येते! माझ्याकडे एकदा आली, मी दारातच ओळखलं. त्यानंतर आलीच नाही. मला वाटलं तू शिकलेली, तू बघशील. तू काय बघितलंस?"

मी होमिओपॅथी म्हटलं.

"सहा महिन्यांत मी तिला एक गोळी दिलेली नाही."

मग ती स्वयंपाकघरात जाऊन वरणाला फोडणी द्यायला लागली. आमच्या घरातल्या बायका रडत नाहीत, फोडणी देतात. मी ती स्टीलची बाटली उघडली. पाण्यासारखं पाणी दिसत होतं. जिभेला लावलं. जीभ अजून शाबूत आहे माझी.

डोंगरावर धूर दिसला की तिथे अग्नी आहे असं जाणावं. अनुमानाचा हा पहिला पाठ. मी एम.ए.ला दुसरी आले होते.

५ फेब्रुवारी

अक्षताशी बोलले. खरं तर तीच बोलली.

"वर असताना नाही गं घेत. खाली आल्यावर. पहिल्यांदा फार्महाऊसवर. कॅप्टन म्हणाले, घे बेटा, हात थांबेल. थांबला. मग आदल्या दिवशी लागायला लागली. मग सकाळी."

"मग नोकरी सोड!"

"आणि काय करू? मला दुसरं काही येत नाही. आणि मावशी, मला उडायला आवडतं. ते हेलिकॉप्टर नाही आवडत. तो फरक तुला कळणार नाही."

"त्या दिवशी धाकूला बाजूला का सारलंस?"

"वाटलं, कोणीतरी थांबवेल." मग म्हणाली, "तीनच महिने थांबवलं."

२५ फेब्रुवारी

मुलुंडच्या चर्चमागे दारू सोडू पाहणाऱ्यांची सभा भरते, तिथे तिला घेऊन जाते आहे. प्लास्टिकच्या खुर्च्या, पाणचट चहा. एक रिक्षावाला, एक बँकेतले साहेब, एक शिक्षिका. सगळे एकमेकांना अरे-तुरे करतात. अक्षताने काल तोंड उघडलं. "मी हेलिकॉप्टर चालवते," म्हणाली. रिक्षावाला म्हणाला, "मग तू भेंडी माझ्या वरचढ निघालीस," आणि सगळे हसले. तीही हसली.

सतरा दिवस झाले. हात स्थिर आहे. काल भाजी चिरली तर मेथीचं पान न् पान वेगळं. मी नास्तिकतेकडे झुकलेली बाई, तरी गणपतीला जाऊन आले.

२० मार्च

निवडणुका लागल्या. अंतराळात जितके तारे तितक्या सभा. हेलिकॉप्टरांचा दुष्काळ आणि वैमानिकांचा महादुष्काळ. निलंबन संपतंय याचा हिशेब आमच्याआधी 'नभोगामी'ने ठेवला होता. कॅप्टन सरंजामे स्वतः घरी आले, पेढे घेऊन. सोफ्यावर बसले, अक्षताला "बेटा, माझ्यामुळे भोगलंस" म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. मला याच माणसाचा तिटकारा यायला हवा होता.

मी विचारलं, "ती काळी पट्टी काढली का?"

"कसली?" ते म्हणाले. मग हसले. "मावशी, तुमच्या लेखणीला धार आहे हो. पण निवडणुकीपर्यंत म्यान करा."

नितेशला पट्टीची बातमी देते म्हटलं. त्याने मान खाली घातली. त्या हेलिकॉप्टरात कोण कोण बसतं याची यादी वरच्या लोकांना पाठ आहे. "ताई, आता वाट लागेल माझी. निकालानंतर बघू ना." त्याचंही कर्म बेपत्ता.

अक्षताला म्हटलं, जाऊ नकोस. ताई म्हणाली, जाऊ नकोस. चर्चमागच्या शिक्षिकेने फोनवर सांगितलं, निदान सहा महिने जाऊ नकोस. अक्षता शर्टाला इस्त्री करत होती. "मी ठीक आहे," म्हणाली. आणि तेव्हा ती खरंच ठीक होती. तेच तर वाईट.

१४ एप्रिल

दोन आठवड्यांत तीन फार्महाऊस. काल इथे आली, सरळ झोपायला गेली. सभेची वेळ टळून गेली. मी पोळ्या झाकून ठेवल्या. डबीतली वेलची संपली.

आज दिवसभर मी तिच्यावर नजर ठेवून आहे आणि काय करायचं ते मला कळत नाही. खात्याला कळवलं तर दुसरा गुन्हा, तीन वर्षं परवाना नाही. ताईला विचारलं. ती म्हणाली, "तीन वर्षं घरात बसली तर पिऊनच मरेल गं." आणि नाही कळवलं तर? ताईने फोन ठेवला.

२७ एप्रिल

दुपार झाली आहे. अजून फोन नाही. उतरल्यावर करते म्हणाली आहे.

पहाटे उजाडताना मी पाणी प्यायला उठले तर ती ओट्याशी उभी होती, वर्दी घालून. बाटलीचं झाकण उघडं, पेला अर्धा. आम्ही एकमेकींकडे पाहिलं. तिने पेला संपवला, विसळला, पालथा घातला. मग दोघींसाठी चहा ठेवला. आलं किसताना हात अगदी स्थिर होता.

"आज कुठे?"

"सातारा बाजू. दोन सभा. कॅप्टन आहेत."

"अक्षता..."

"मावशी, उशीर होतोय गं."

ती टॅक्सीने गेली. मी पाच मिनिटं खुर्चीत बसले. मग रिक्षा केली. पवईमार्गे पूर्ण रस्ताभर मी एकच वाक्य घोटत होते, मालवणीत, म्हणजे धाकूंना नीट लागावं म्हणून. धाकू, आज तेच्यासाटी फुंकू नकात. एवढंच. बाकी यंत्र करील. तीन वर्षं तर तीन वर्षं. घरात बसवीन, दारात बसून राहीन, देवनारला सोबत नेईन, पण खाली राहील. रिक्षावाल्याला वाटलं मी मंत्र म्हणते आहे. त्याने भाडं घेताना नमस्कार केला.

हँगरपाशी धावपळ होती. पुढाऱ्यांच्या गाड्या, हार, पोलीस. धाकू मेस्त्री मला बघून लगबगीने फाटकापाशी आले. पक्कड हातात, माळ शर्टाबाहेर.

"बाय, तुमी? इतक्या सकाळी? काय गजाल?"

वाक्य तोंडात होतं. अगदी शब्दन्शब्द. पलीकडे अक्षता हेलिकॉप्टरच्या पायरीवर उभी होती, उजळ उन्हात, टोपी काखेत धरून. तिने मला पाहिलं आणि हात हलवला. शाळेच्या सहलीच्या बसमधून हलवायची, तसा.

"धाकू," मी म्हटलं, "अक्षताचं..."

धाकूंना माझा चेहरा कळला. म्हणजे त्यांना जे वाटलं ते कळलं. त्यांनी फाटकाच्या गजांतून माझ्या हातावर हात ठेवला आणि आवाज खाली आणला.

"भियां नकात. माका काय सांगूक लागता? चेडवाचा फुंकून झालां. आदी तेचा, मगे सायबांचा."

तिकडे पंखा फिरायला लागला. हार उडाले, कोणाची तरी टोपी उडाली, पोलीस हसले. अजूनही ओरडता आलं असतं. पोलीस आणि पुढारी दहा पावलांवर होते.

मी म्हणाले, "बरं."